नाशिकच्या बसनं अंदमान

रविवार, ११ जानेवारी

नाशिकच्या बसमधून नगर नाक्यालाच उतरलो!

मला वाटलं होतं, हे आम्हाला स्टँडवर सोडतील आणि जातील. कसले जातात! गाडी लावली, माझी पिशवी वर ठेवून दिली, खाली उतरून खिडकीपाशी उभे. मग काय, आम्हा तिघी मैत्रिणींना बसमध्ये बसावंच लागलं. चतुराबाई कानात म्हणाली, "आता खरंच नाशिकला जावं लागतंय का गं?" बस हलली तसा ह्यांनी हात केला. मी पण केला. मनातून मेल्यासारखं झालं.

कंडक्टरला नाक्यापर्यंतची तीन तिकिटं मागितली तर तो बघतच राहिला. तिथून रिक्षा, सरळ चिकलठाण्याला विमानतळावर. रिक्षावाला म्हणाला, "नाशिकच्या बसमदून उतरून विमानात? लॉटरी लागली का काय बाई?" सरू म्हणाली, "लागली म्हणून समजा."

आता रात्री हैदराबादच्या विमानतळावर बसून लिहिते आहे. ही वही ब्लाउजच्या मापांची. पुढं पडेगावच्या निम्म्या बायांची छाती-कंबर, मागं कोरी पानं. शिवणकामाची वही आमच्या घरात कुणी उघडत नाही, म्हणून हिच्याइतकी सुरक्षित जागा नाही.

घरी सांगितलंय — नाशिकला विपश्यनेचं शिबिर. दहा दिवस, जाऊन-येऊन बारा. मौन. फोन जमा. भेटायला कुणी यायचं नाही. लपायला याहून चांगली जागा जगात नसेल! कल्पना माझी. मला तिची लाज वाटते. थोडा अभिमानही वाटतो.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणते मी. चौथं शील — खोटं बोलणार नाही. आज रविवारच होता. बरं झालं, बस सकाळची होती.

सोमवार, १२ जानेवारी

पोर्ट ब्लेअर. उतरल्याबरोबर अंगाला घाम. आणि पाणी! जिकडं बघावं तिकडं पाणी, आणि प्यायला एक थेंब नाही. चतुराबाई म्हणाली, "आपल्या वार्डासारखंच हाय की."

राजनंदिनी घ्यायला आली होती. सरूच्या बहिणीची मुलगी. इंजिनिअर झाली, पुण्याची नोकरी सोडली आणि आता शिडाच्या बोटी चालवते. वय सत्तावीस. रंगानं आमच्या तव्यासारखी झालीय, पण हसते छान. आम्ही तिला नंदूच म्हणतो. ती चालवते त्या बोटीला जानेवारीत अकरा दिवस गिऱ्हाईक नव्हतं. मालक म्हणाला, उभी ठेवू नको, बेटांमधून फिरवून आण. नंदूला दोर ओढायला माणसं हवी होती. तिनं मावशीला विचारलं, मावशीनं आम्हाला. आम्ही "दोर म्हणजे काय, विहिरीतून पाणी ओढलंय आम्ही" असं म्हणून हो म्हणालो.

बोटीचं नाव "मासोळी". खाली दोन खोल्या — खोल्या कसल्या, कपाटं. मी आणि सरू एका कपाटात. चतुराबाईला एकटीला दुसरं, कारण ती घोरते. नंदू वर झोपते, उघड्यावर.

शीड बघितलं. एवढं मोठं कापड आणि टीप किती वाईट! कडेचा दोरा सुटलाय. हात शिवशिवतोय.

नंदूनं फॉर्म भरायला दिला. काही झालं तर घरी कुणाला कळवायचं, त्याचा नंबर. मी चतुराबाईचा लिहिला. चतुराबाईनं सरूचा. सरूनं माझा. नंदूनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मावश्यांनो, बोट बुडाली तर तुम्ही एकमेकींना कळवणार का?" मग घरचे नंबर लिहावे लागले. मी ह्यांचा लिहिला. लिहिताना अंगावर काटा आला.

मंगळवार, १३ जानेवारी

सरूला उलट्या. मला उलट्या. चतुराबाई आमच्यासमोर बसून ठेचा-भाकरी खात होती.

बुधवार, १४ जानेवारी

आज बरं आहे. पोटात राहिलं.

संक्रांत! चतुराबाई डब्यात तिळाचे लाडू घेऊन आली होती. घरची संक्रांत सुनेच्या गळ्यात टाकून आलीय. सुनेला म्हणाली म्हणे, "माझं मन आता संसारातून उठलंय." आणि इथं सकाळी सकाळी शेजारच्या बोटीवरच्या दाढीवाल्या गोऱ्याला हाक मारून दोरीला डबा बांधून तिळगूळ पाठवला. "गोड बोल रे बाबा," म्हणाली. त्यानं काय ऐकलं कोण जाणे, पण दोन्ही हात जोडले आणि डब्यातून अननस परत पाठवला.

दुपारी वारा भरला तशी नंदूनं मशीन बंद केलं. एकदम सगळं शांत! नुसता पाण्याचा आवाज. बोट एका अंगावर कलली, मी ओरडले, सरूनं मला धरलं, मी चतुराबाईला. नंदू हसून म्हणाली, "ती अशीच चालते, रत्नामावशी." मग भीती गेली. बोट वाऱ्यावर जाते, डिझेल नाही, धूर नाही, कुणाला काही मागायचं नाही. मला लई आवडलं. बावन्न वर्षांत एवढं काही आवडल्याचं आठवत नाही.

सरू विचारत होती, "रामकिसनभाऊंना सरळ सांगून आली असती तर?" ती दोन वर्षांपूर्वीचं विसरली. तेव्हा सरळच विचारलं होतं मी. आम्ही तिघी चार दिवस कोकणात जातो म्हणून. हे म्हणाले, "काय गरज?" एवढंच. नको म्हणाले असते तर भांडले असते. "काय गरज"ला काय उत्तर द्यायचं? मी आठ दिवस बोलले नाही. ह्यांना ते कळलं की नाही तेही कळलं नाही. वाईट माणूस नाही. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं एका मशीनसमोर उभा राहिला, घरी आला, जेवला, झोपला. रिटायर झाल्यावर गॅलरीत खुर्ची टाकली. आपण घरी सुखात असताना दुसऱ्याला बाहेर कशाला जावंसं वाटतं, हेच त्यांना कळत नाही.

आणि हे खोटं कळलं तर? ओरडणार नाहीत. तेच वाईट. पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि तसं बोलूनही दाखवणार नाहीत. उरलेलं आयुष्य मी बाजारात निघाले तरी वर बघतील, आणि गप्प बसतील. ते मला सोसणार नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

शिडाची कड शिवली. जाड सुई, मेणाचा दोरा. साडेतीन तास. नंदू म्हणाली, पोर्ट ब्लेअरच्या माणसापेक्षा चांगली टीप आहे. मी म्हटलं, तुझ्या बोटीला अस्तर पण लावून देते!

शुक्रवार, १६ जानेवारी

हॅवलॉक. केवढी पांढरी वाळू! सरू अंगावरच्या साडीसकट पाण्यात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. चतुराबाई काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर बोलत होती — मराठीतून, मोठ्यानं, अगदी बिनधास्त. तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, तुम्ही कुठल्या?" सिल्लोडचं जोडपं! नवीन लग्न झालेलं. चतुराबाई न डगमगता म्हणाली, "आम्ही सोलापूरच्या." मुलगी म्हणाली, "बोली तर आमच्याकडची वाटते." "माहेर तिकडचं हाय." पुढं त्यांनी फोटो काढू म्हटल्यावर तिघी पदर तोंडावर घेऊन अशा पळालो, की वाळूत माझी चप्पल राहिली. परत जायची हिंमत झाली नाही.

आज एक चूक केली. इथं फोन लागतो म्हणून दोन मिनिटं चालू केला. फक्त बघायला. ह्यांचा मेसेज आला — कालचा, संध्याकाळचा. "फोन जमा असेल तुझा. घरी सगळं ठीक आहे. काळजी करू नको."

जमा असलेल्या फोनवर मेसेज कोण पाठवतं? तीस वर्षांत ह्यांनी मला पत्र लिहिलं नाही, मेसेज सोडाच. मला रडूच आलं.

मग सरू म्हणाली, "अगं, मेसेज पोचल्याच्या दोन टिका दिसल्या असतील त्यांना!" झालं! रडू तिथंच थांबलं. फोन बंद. आता ठरवलंय — विचारलंच तर सांगायचं, सहाव्या दिवशी गुरुजी दोन मिनिटं फोन देतात. मन कच्चं आहे का बघायला. चतुराबाई म्हणाली, "तुझं खोटं बोलणं आता लई मुरलंय."

शनिवार, १७ जानेवारी

आज आम्ही काय केलं ते लिहायला पण लाज वाटते.

काल रात्री एका लहान बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. नंदू झोपताना म्हणाली, "उद्या सकाळी इथल्या धक्क्यावर पाणी भरायचं." बस्स! एवढं ऐकलं आणि तिघींची झोप उडाली. पाणी येणार!

आमची मैत्रीच मुळी टँकरच्या रांगेतली. अकरा वर्षांपूर्वी चतुराबाईचा ड्रम माझ्या ड्रमच्या पुढं घुसला, तिथून ओळख. पाणी येणार म्हटलं की काय करायचं ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. घरातलं जुनं पाणी आधी संपवायचं. ड्रम रिकामा करायचा, घासायचा, पालथा घालायचा. आठ दिवसांचं शिळं पाणी ताज्या पाण्यात मिसळायचं नाही. माझी सासू तसंच करायची, चतुराबाईची पण, सगळी गल्ली तसंच करते.

सकाळी नंदू रबराची छोटी होडी घेऊन धक्क्यावर चौकशीला गेली. आम्ही पदर खोचले. टाकीत दीडशे लिटर तरी होतं. तिघींच्या डोक्यावरून अंघोळ. कपडे. चादरी. भांडी सगळी. बोटीचा वरचा पत्रा न् पत्रा. शेवटी चतुराबाईनं हात घालून टाकीचा तळ फडक्यानं पुसला. मासोळी अशी लखलखली की मला ह्यांना दाखवावीशी वाटली!

नंदू परत आली. चादरी वाळताना बघितल्या. टाकीचं उघडं झाकण बघितलं. झाकण लावलं.

"धक्क्यावरची मोटर जळलीय. दुरुस्त करणारा दुसऱ्या बेटावरून येणार. तीन दिवसांनी."

विहीर असती तर पोहरा टाकला असता. पण बोअर. धक्क्यावर एक राखणदार आणि त्याची बकरी, एवढीच वस्ती. त्याच्याकडंच दोन घागरी. परत हॅवलॉकला जावं तर वारा उलटा आणि जोराचा. आडोशाबाहेर लाटा. नंदू म्हणाली, दोन दिवस तरी हलता येणार नाही. प्यायच्या पाण्याचा एक जार शिल्लक. वीस लिटर. माणसं चार.

"रेडिओवर कळवते," ती म्हणाली. "कुणीतरी पाणी आणून देईल. पण मग सगळ्यांची नावं द्यावी लागतात. आणि फॉर्मवर लिहिलेल्या नंबरला फोन जातो."

ह्यांना! गॅलरीत बसलेले असणार. फोन वाजणार. "तुमच्या मिसेस अंदमानच्या समुद्रात पाण्यावाचून अडकल्या आहेत."

मी म्हटलं, "नको. नंदू, तुझ्या पाया पडते, नको."

"मावशी, मी कप्तान आहे. उद्या कुणाला चक्कर आली तर मी काय तोंड दाखवू?" बरोबर होतं तिचं. पण चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए पोरी! आम्ही कुटल्या? शंभाजीनगरच्या. वीस लिटरमदी आम्ही पाव्हणे जेवू घालतो, बारसं उरकतो. तू आम्हाला पानी शिकवती?"

शेवटी ठरलं. नंदूनं जारवर पेननं रेघ मारली, जरा वर, निम्म्याच्याही वर. उद्या संध्याकाळी पाणी त्या रेघेच्या खाली गेलेलं असलं तर ती कळवणार. वर असलं तर वाट बघायची.

एका रेघेवर माझा संसार!

रविवार, १८ जानेवारी

आज नंदूला आमची खरी ओळख झाली.

भांडी समुद्राच्या पाण्यानं घासली, मग कोरड्या फडक्यानं पुसली. भाताला एक वाटी समुद्राचं, दोन वाट्या गोडं — मीठ घालायची गरज नाही. चहा चौघींत दोन कप. अंघोळ समुद्रात, मग ओल्या रुमालानं तोंड-हात पुसायचे, बस्स. तोच रुमाल पिळून ते पाणी सरूनं जपून ठेवलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "माहीत नाय. पण टाकवत नाय." तांदूळ धुतलेलं पाणी पाय धुवायला. पाय धुतलेलं पाणी चतुराबाईनं राखणदाराच्या बकरीला पाजायचं म्हटलं, मी नको म्हटलं, बकरीचा काय गुन्हा?

दुपारी राखणदार आठ शहाळी घेऊन आला. बंगाली माणूस. आमचं हिंदी ऐकून त्याला हसू आवरेना, पण बसला तासभर. चतुराबाईनं त्याला लाडू दिला आणि मोटरीला शिव्या दिल्या. त्यालाही दोन शिव्या शिकवल्या.

नंदू मात्र तहानेनं दर अर्ध्या तासाला जारकडं जायची. सरूनं तिचा हात धरला. "घोट तोंडात धर. गिळू नको. मोज तीस. मग गीळ." टँकर उशिरा आला की आम्ही तेच करतो.

संध्याकाळी सहाला जार उजेडात ठेवला. चौघी खाली वाकून बघत होतो. पाणी रेघेच्या वर. दोन बोटं वर! नंदूनं स्वतःची बोटं लावून मोजलं. मग ती एकदम हसायला लागली आणि थांबेनाच. म्हणाली, "मी लोकांना समुद्रावर पाणी कसं वाचवायचं ते शिकवते, मावशी. त्याचे क्लास घेते मी." चतुराबाई म्हणाली, "आता फी परत कर त्यांची."

मी हसले नाही. आज रविवार. विहारात सगळे चौथं शील म्हणाले असतील. हे पहिल्या रांगेत बसतात. कुणी विचारलं असेल, रत्नमालाताई कुठं, तर अभिमानानं सांगितलं असेल, शिबिराला गेलीय म्हणून. तहान लागली की मी ह्यांचं तोंड आठवते, मग पाणी प्यावंसं वाटत नाही.

सोमवार, १९ जानेवारी

पहाटे वारा पडला. निघालो. दुपारी हॅवलॉकला पाणी भरलं. नळी टाकीत सोडली आणि पाणी येतच राहिलं. मागं रांग नाही, भांडण नाही, कुणी घड्याळ बघत नाही. चतुराबाई नळीवर हात ठेवून बसली होती. टाकी भरून सांडायला लागली तरी तिला बंद करवेना. नंदूनं बंद केलं.

मंगळवार, २० जानेवारी

सुकाणू धरलं! चार तास!

नंदू म्हणाली, "त्या टेकडीच्या टोकावर नजर ठेवा आणि जास्त फिरवू नका. सरळ टीप मारता ना, तसंच." खरंच तसंच आहे. कापड ओढायचं नाही, नुसती दिशा द्यायची, ते आपलं आपलं पुढं जातं. मी शिवलेली कड वाऱ्यानं तट्ट फुगली होती आणि एक टाका हलला नाही. सरू शेजारी बसून शेंगा सोलत होती. मी एकटीच मोठ्यानं गात होते. माझा आवाज घोगरा आहे, पण इथं कोण ऐकतंय?

उद्या पोर्ट ब्लेअर. घरी जायचं नाही, असं एकदा मनात आलं. मग ह्यांचा मेसेज आठवला. जायचंय. पण हे कुणाला तरी सांगायचंय, हा समुद्र, ही टेकडी. आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगता येणार नाही. मला हे आधी कळलं नव्हतं.

बुधवार, २१ जानेवारी

संकट! तोंडं बघितली आरशात. तिघी कोळशासारख्या काळ्या. मौन पाळून एवढं काळं कोण होतं?

सरू म्हणाली, उन्हात बसून ध्यान केलं असं सांगू. चतुराबाई म्हणाली, "मी सांगते, भट्टीवर सैपाकाची सेवा केली." शेवटी ठरलं — शिबिरात शेतातली सेवा होती. गवत काढलं. तिघींनी सारखंच सांगायचं. दोनदा तालीम केली. नंदूनं सासूचं काम केलं आणि प्रश्न विचारले. चतुराबाई प्रत्येक वेळी वेगळं पीक सांगत होती.

नंदूला सोडताना वाईट वाटलं. तिनं आमच्या जारवरची रेघ तशीच ठेवलीय.

गुरुवार, २२ जानेवारी

आले.

विमानतळावरून रिक्षानं स्टँड. मागच्या गेटातून आत. नाशिकची बस लागेपर्यंत बाथरूममध्ये लपलो — पाऊण तास! बस आली तशी उतरणाऱ्या लोकांत मिसळून बाहेर आलो. हे उभे होते. पिशवी घेतली. माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बारीक झालीस." रंगाबद्दल एक अक्षर नाही! मी गवताचं सांगायच्या तयारीत होते, सांगता आलं नाही.

रात्री जेवताना विचारलं, "कसं असतं तिथं?"

आणि मी सुरू झाले. पहाटे चारची घंटा. पातळ खिचडी. माझ्या शेजारी केरळची एक बाई बसायची, ती डोळे मिटले की रडायची. गुरुजींचा चष्मा एवढा जाड. हे सगळं माझ्या तोंडातून कुठून येत होतं देव जाणे. हे ताटात हात ठेवून ऐकत होते. एवढा वेळ माझं बोलणं ह्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "मग?" म्हणायचे मधूनमधून. मी अजून सांगायचे.

झोपताना वाटलं, सुटले. मग वाटलं, काय सुटले? ह्यांनी पहिल्यांदा माझं ऐकलं आणि मी एक शब्द खरा बोलले नाही.

रविवार, २५ जानेवारी

विहारात गेले. न जाऊन कसं चालेल? पंचशील म्हणताना चौथ्याला खोकला काढला. मुद्दाम.

एवढ्यावर भागलं असतं तर! वंदना झाल्यावर विहार चालवणाऱ्या ताईंनी मला उभं केलं. "रत्नमालाताई दहा दिवस शिबिर करून आल्या. दोन शब्द सांगतील." चाळीस माणसं. पहिल्या रांगेत हे.

मी उभी राहिले. मग सुकाणू आठवलं. म्हटलं, "आपण जोर लावला की वाट चुकते. लांबच्या एका टोकावर नजर ठेवायची, आणि हात सैल सोडायचा. मग आपण आपोआप पुढं जातो." एक म्हातारे गृहस्थ "साधू, साधू" म्हणाले. ताईंचे डोळे भरून आले. आणि हे — हे मान हलवत होते.

तेवढं तरी खरं बोलले मी.

घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही. उद्या सांगून टाकायचं. सरूला फोन केला. ती म्हणाली, "येडी झाली का? सगळं निभावलं ना!" चतुराबाई म्हणाली, "सांगायचं तर सांग, पण माझं नाव घेऊ नको." सांगणार आहे. जे होईल ते होवो.

सोमवार, २६ जानेवारी

चहा ठेवला. "अहो, एक बोलायचंय," म्हटलं. हे म्हणाले, "आधी मी बोलतो."

"चौथ्या दिवशी थंडी लई पडली व्हती. तुझी शाल घरीच राहिली, म्हणून घेऊन गेलो तिकडं. गेटवरच्या माणसानं यादी पाहिली. म्हणला, या नावाचं कुणी नाय. यादी पुन्हा पाहायला लावली. मग चतुराबाईचं नाव इचारलं. नाय. सरूबाईचं इचारलं. नाय. तिघी बी नाय म्हणल्यावर जिवात जीव आला."

एवढंच विचारलं, "मग?"

"मग काय. आलो परत. चतुराबाईचा पोरगा इचारत व्हता, सरूबाईच्या घरचे इचारत व्हते. सगळ्याला सांगितलं, भेटून आलो, तिघी मजेत हायेत."

मी रडले. ह्या माणसानं आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी दोन घरांत सांगून आला. आणि परवा ताटात हात ठेवून ती केरळची बाई सगळीच्या सगळी ऐकून घेतली!

"कुठं गेला व्हता ते इचारत नाय मी," म्हणाले. कप उचलून मोरीकडं निघाले. दारात थांबले.

"पुढच्या टायमाला चार नावं लिव."